तीन बाय चारचा आडोसा

हार्बर मार्गावरचं रे रोड स्टेशन डिसेंबर १९१० मध्ये सुरू झालं. कुर्ल्याहून निघणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची नवी लाइन तेव्हा इथंच संपत असे. स्टेशनाला नाव मिळालं ते १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं. रुळांच्या पूर्वेला पोर्ट ट्रस्टची गोदामं, दारूखाना आणि गोद्या. पश्चिमेला घोडपदेव, काळाचौकी आणि त्यापलीकडे लालबाग-परळच्या गिरण्यांची धुराडी. बंदर आणि गिरणगाव यांच्यामधल्या या पट्ट्यात कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबं एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत होती. पुरुष गोदीत किंवा गिरणीत जात. बायका गिरणीच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, नाहीतर मिळेल त्या रोजंदारीवर.

या बायकांना आरोग्य शिकवलं पाहिजे, ही कल्पना जुनी आहे. १९०० ते १९३० या तीस वर्षांत ती मुंबईत जोमानं राबवली गेली. सरकार, पालिका, समाजसेवी मंडळी, गव्हर्नरांच्या पत्नी, सगळे त्यात उतरले. या काळाचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो, कारण शिकवायला निघालेल्यांपैकी काही जण चाळीत शिरल्यावर स्वतः शिकले आणि शिकलेलं त्यांनी लिहून ठेवलं.

सुरुवात दवाखान्यांपासून झाली होती. लॉर्ड रे यांच्याच कारकिर्दीत, १८८६ मध्ये, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून कामा हॉस्पिटल उभं राहिलं. स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांनी चालवलेलं. एडिथ पीची या इंग्रज डॉक्टरांनी त्याचा पाया घातला. त्याच वर्षांत मुंबई हायकोर्टात रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी झालेल्या लग्नानंतर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या या मुलीच्या मागे ज्या थोड्या व्यक्ती उभ्या राहिल्या, त्यांत पीची होत्या. रखमाबाई पुढे लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी अनेक वर्षं बायकांवर उपचार केले. हे सगळं थोरच होतं. पण कामा हॉस्पिटल फोर्टाच्या बाजूला होतं. काळाचौकीच्या बाईला, दिवस भरत आल्यावर तिथवर जाणं, भाडं मोडणं, रोज बुडवणं आणि घरची पोरं कोणाकडे तरी टाकणं यांतलं काहीच सोपं नव्हतं. ती चाळीतल्या सुईणीला हाक मारी, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं कोकणात माहेरी जाई.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला आणि शहराच्या कारभाऱ्यांना चाळी दिसू लागल्या. प्लेगाच्या तपासण्यांनी लोकांच्या मनात सरकारी डॉक्टरांविषयी दहशत बसवली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला, तो त्याच दहशतीतून. जबरदस्तीनं काही साधत नाही, समजावून सांगावं लागतं, हा धडा पुढच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी घेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. टर्नर हे पालिकेचे आरोग्य अधिकारी असताना बॉम्बे सॅनिटरी असोसिएशन निघाली. देशी भाषांत पत्रकं छापली गेली, व्याख्यानं झाली, पालिकेच्या नर्सबाई चाळींतून फिरू लागल्या. १९११ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगनं कामगार वस्तीत रात्रशाळा काढल्या, वाचनालयं उघडली आणि मॅजिक लँटर्नच्या साहाय्यानं स्वच्छतेवर, रोगांवर व्याख्यानं ठेवली. काळोखात पडद्यावर उमटणारी माशी, डास, नळाचं तोंड, गढूळ पाण्याचा हंडा. सिनेमा अजून नवलाईचा होता, तेव्हा ही चित्रं बघायला गर्दी होत असणार.

नर्सबाईंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. या मोहिमेतली खरी माणसं त्याच होत्या. नाळ कशी कापायची, कात्री उकळून का घ्यायची, बाळंतिणीच्या खोलीत धूर का नको, बाळाला पहिलं दूध का पाजायचं, हे त्या दारोदार सांगत. सांगायला गेलेल्या बाईला समोरचं घर दिसतं. व्याख्यान देणाऱ्याला ते दिसत नाही. मुंबईच्या अहवालांमधली सर्वांत अस्सल माहिती या बायकांच्या पायपिटीतून आली, आणि त्यांची नावं मात्र त्या अहवालांत क्वचितच सापडतात.

मग आलं १९२१. त्या वर्षी मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आतली साडेसहाशेहून अधिक बालकं दगावली. पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी हा आकडा घरांच्या खोल्यांप्रमाणे फोडून मांडला. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा अधिक खोल्यांत १३३.

या आकड्यांकडे जरा सावधपणे बघितलं पाहिजे. बाळंतपणासाठी बाई गावी गेली, मूल तिकडे जन्मलं, ते मुंबईच्या वहीत चढलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ती कामावर परतली आणि मूल इथं गेलं, तर मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत चढला. शिवाय घरी झालेले कित्येक जन्म नोंदलेच जात नसत. त्यामुळे खरा दर यापेक्षा कमी असणार, आणि गावाशी घट्ट नातं असलेल्या एका खोलीतल्या कामगारांच्या बाबतीत ही वाढ अधिक असणार. पण ही वजावट कितीही उदारपणे केली, तरी एका खोलीचा आणि चार खोल्यांचा फरक पुसला जात नाही. चार खोल्यांतल्या आईला आरोग्यशास्त्राचं ज्ञान एका खोलीतल्या आईच्या सहापट होतं, असं कोणीही म्हणू शकणार नाही.

याच सुमारास मुंबई सरकारनं गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी एक स्त्री डॉक्टर नेमली. डॉ. बार्न्स. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांनंतरही तो वाचताना श्वास अडखळतो. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांना सुमारे पंधरा फूट बाय बारा फुटांची एक खोली दिसली. जमिनीवर सहा चुली मांडलेल्या. म्हणजे सहा बिऱ्हाडं. विचारपूस केल्यावर कळलं की लहानथोर मिळून तीस माणसं तिथं राहतात. खोलीतल्या सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आलेले. बार्न्स यांच्यासोबत वस्तीतली नर्सबाई होती. या खोलीत बाळंतपण करायचं तर आडोसा कसा करता, असं त्यांनी तिला विचारलं. तिनं एक कोपरा दाखवला. तीन फूट बाय चार फूट. वेळ आली की तेवढ्या भागाला पडदा लावायचा.

तीन फूट बाय चार फुटांत बाई पाय लांब करून आडवीसुद्धा होऊ शकत नाही. बाहेर सहा चुलींचा धूर, पुरुषमाणसं, पोरं. अशा खोलीत जाऊन हवा खेळती ठेवा, बाळंतिणीला वेगळी खोली द्या, असं सांगणाऱ्या पत्रकाचं काय होत असेल? नर्सबाईला ते रोज कळत होतं. बार्न्स यांचं मोठेपण हे, की त्यांनी नर्सबाईला विचारलं आणि तिनं दाखवलेला कोपरा मोजून सरकारी कागदावर आणला.

बार्न्स यांनी दुसरी गोष्ट नोंदवली ती अफूची. त्यांच्या पाहणीत गिरणीत जाणाऱ्या आयांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात होती. बाळगोळी म्हणून ती बाजारात सर्रास मिळे. सकाळी गोळी चाटवायची, मूल गुंगीत पडून राहायचं, आई कामावर जायची. त्या वेळच्या फॅक्टरी कायद्यानं बाईकडून दिवसाला अकरा तासांपर्यंत काम घेता येत होतं. घरी मूल सांभाळायला कोण? एखादी म्हातारी, शेजारीण, किंवा आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी. त्या मुलीची शाळा तिथंच संपत असे. आरोग्यशिक्षणाच्या कुठल्याही कार्यक्रमात ही मुलगी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, आणि गोळी चाटवण्याचं काम बहुधा तिच्याच हातानं होत असणार.

अफूनं मूल शांत झोपतं, पण त्याची भूक मरते. दूध ओढण्याची ताकद कमी होते, पोट साफ होत नाही, वाढ खुंटते. छातीत कफ भरला तर खोकून बाहेर टाकण्याची शुद्ध राहत नाही. गोळी जरा जास्त झाली की श्वासच थांबतो. हे सगळं आयांना अजिबात माहीत नव्हतं असं मानणं मला पटत नाही. रोज गुंगीत पडलेलं, हाडं निघालेलं मूल त्या बघत होत्या. पण न दिली तर ते अकरा तास रडणार, आणि काम सोडलं तर घरात खायला नाही. शिवाय अफू चोरून आणावी लागत नव्हती. ती परवानाधारक दुकानांत विकली जात होती आणि तिच्या अबकारीचं उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जमा होत होतं. एक खातं आयांना अफू देऊ नका असं सांगत होतं आणि दुसरं खातं अफूच्या विक्रीचे परवाने देत होतं. या विसंगतीची जबाबदारी निरक्षर आईच्या अज्ञानावर टाकली गेली, हे त्या काळच्या आरोग्यशिक्षणाचं सर्वांत मोठं पाप होय.

बाळसप्ताहांबद्दल मी फार लिहीत नाही. १९२४ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकारानं देशभर राष्ट्रीय बाळसप्ताह झाला. प्रदर्शनं भरली, गुटगुटीत बाळांना बक्षिसं मिळाली. बक्षीस घेणाऱ्या आईचा आनंद खराच असेल. पण गिरणीतून सातला सुटणारी बाई त्या मंडपात कधी पोचणार होती?

पोचतील अशा गोष्टी हळूहळू उभ्या राहिल्या. १९२६ मध्ये परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं, गिरणी कामगार स्त्रिया डोळ्यांसमोर ठेवून. त्याच वर्षी शेजारी के.ई.एम. उघडलं, तीन वर्षांनी बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय. चाळीतून चालत जाता येईल अशी स्वच्छ खाट गिरणगावात आली. तिकडे कामा हॉस्पिटलची धुरा डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे आली. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातल्या या डॉक्टरांनी पुढे मुंबईतल्या मातामृत्यूंच्या कारणांची शिस्तशीर चौकशी केली. तिचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. बाळंतीण का गेली, हे दैवावर न सोडता एकेका मृत्यूचं कारण शोधायचं, ही पद्धत त्यांनी या शहरात रुजवली.

गिरगावात एक माणूस याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाकडून भिडत होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच, म्हणजे एका खोलीतल्या हजारी ८२८ बालमृत्यूंच्या त्याच वर्षी, संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. मूल कधी हवं हे बाईनं ठरवावं, असं कर्वे निःसंदिग्ध मराठीत लिहीत होते. त्यांचा वाचक बहुतांशी शिकलेला मध्यमवर्गीय होता. काळाचौकीच्या खोलीपर्यंत ते मासिक फारसं गेलं नसावं, पण त्यातला विचार एका वेगळ्या वाटेनं तिकडे गेला, आणि ती वाट कायदेमंडळातून होती.

सोशल सर्व्हिस लीगच्या ना. म. जोशींना व्याख्यानांचा पुरेसा अनुभव आला होता. १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनांच्या महासंघाच्या स्थापनेत ते पुढे होते. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनं प्रसूतीविषयक करार केला, हिंदुस्थाननं तो मान्य केला नव्हता. १९२४ मध्ये जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. ज्या माणसानं कामगारांना पडद्यावर स्वच्छतेची चित्रं दाखवली, तोच माणूस दहा-बारा वर्षांत बाळंतिणीची पगारी रजा मागू लागला, हा प्रवास या सगळ्या इतिहासाचं सार सांगतो.

दिल्लीत फसलेला प्रयत्न मुंबई प्रांतात पुन्हा झाला. रा. सं. आसवले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयक मांडलं. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्या दिवसांत गिरणगावची काय स्थिती होती ते लक्षात घ्या. एप्रिलपासून गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालू होता. भोंगे बंद, चुली थंड. तो ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, चालला. गरोदर बायकांच्या घरात रोजच नव्हता, तेव्हा सभागृहात विरोधक म्हणत होते की या खर्चानं गिरणी उद्योग बुडेल आणि मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत.

बाबासाहेबांचा युक्तिवाद सरळ होता. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारनं उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाही एवढ्यानं मालक मोकळा होत नाही, कारण बाईला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो. हे बोलणारा माणूस परळच्या बीआयटी चाळीत राहत होता. रमाबाई आणि बाबासाहेब यांनी आपली चार मुलं गमावली होती. त्यांतला धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये, या भाषणाच्या दोनच वर्षं आधी, गेला. भाषणात यातलं काही नाही. पण चाळीतला बालमृत्यू म्हणजे काय, हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असेल?

१९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला असा पहिला. सहा महिने नोकरी झालेल्या कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे रजा, रोजी आठ आणे. सात आठवड्यांचे जास्तीत जास्त साडेचोवीस रुपये. बाळंतपणानंतरचे चार आठवडे तिला कामावर घेण्यास मालकाला मनाई. रक्कम मोठी नव्हती, पण नर्सबाईच्या सांगण्याला आता पाठबळ आलं. विश्रांती घे, अंगावर पाज, अफू देऊ नको, हे शब्द पहिल्यांदाच पाळता येण्याजोगे झाले. याच सुमारास कामगार चळवळीत आलेल्या मणिबेन कारा यांनी वस्तीत मातांचं मंडळ आणि मुलांचं आरोग्यकेंद्र चालवलं. युनियन आणि आरोग्यशिक्षण एकाच बाईच्या हातात आलं, हे मला त्या काळातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. १९३१ मध्ये कामगारविषयक रॉयल कमिशननं आपल्या अहवालात तान्ह्या मुलांच्या अफूची दखल घेतली, तोवर कर्वे, जोशी, आंबेडकर, कारा यांची कामं एकमेकांना पूरक झालेली दिसतात. नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो याच धाग्यातला. सभागृहानं तो नामंजूर केला.

कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोट दिसू लागताच बाईला काढून टाकण्याची तक्रार पुढची अनेक वर्षं होत राहिली. नव्या यंत्रांबरोबर वाइंडिंग-रीलिंगची कामं घटली, आणि बायकांना ठेवणं महाग पडतं ही सबब मालकांना मिळाली. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे एक बाई होती. शतकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आलं. कायदा नसता तर त्या टिकल्या असत्या, असं मी मानत नाही. यंत्रं येणारच होती. पण कारखान्याबाहेर ढकललेली बाई कायद्याच्याही बाहेर गेली. रे रोडच्या गोदामांच्या कडेनं मिळेल ते काम करणाऱ्या बाईला तर १९२९ च्या कायद्यानं कधी आत घेतलंच नव्हतं. १९६१ मध्ये देशभरचा कायदा आला, १९१९ पासूनची मागणी बेचाळीस वर्षांनी पुरी झाली. २०१७ च्या दुरुस्तीनं रजा २६ आठवड्यांची झाली. ती मिळते नोकरी असलेल्या बाईला.

आज रे रोड, दारूखाना, कॉटन ग्रीनच्या वस्त्यांत जन्मलेल्या मुलाचं नशीब १९२१ च्या मुलापेक्षा कितीतरी चांगलं आहे. लस, प्रसूतिगृह, पाण्याची सोय, किशोरवयीन मुलींशी पाळीबद्दल आणि रक्तक्षयाबद्दल मोकळेपणानं बोलणारी ताई, हे सगळं घराजवळ आलं आहे. ही ताई म्हणजे महापालिकेची आरोग्य स्वयंसेविका. जुन्या नर्सबाईची ती थेट वारस आहे. गरोदर बायकांची नोंद, लोहाच्या गोळ्या, क्षयरोग्यांचा पाठपुरावा, पोलिओ, आणि कोविडच्या काळात दारोदारची तपासणी हे तिनंच केलं. तिला पगार नाही, मानधन मिळतं. किमान वेतनासाठी आणि कर्मचारी म्हणून मान्यता मिळण्यासाठी या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत आल्या आहेत, कोर्टात गेल्या आहेत. बार्न्स यांना कोपरा दाखवणाऱ्या बाईचं नाव आपण जपलं नाही. तिच्या आजच्या वारसदारणीला महापालिकेनं नियमित नोकरी आणि पुरा पगार द्यावा.